टाकीवरची गाठ

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुझ्या संस्थेचा अहवाल परवा टपालाने आला. पाकिटावर माझा पत्ता यंत्राने छापलेला होता, आत ‘सादर भेट’ असा शिक्का होता आणि सही कोणाचीच नव्हती. दोन वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली वस्तू. ती तू पाठवलेली नाहीस, हेही मला कळते. तरी पोच देणे भाग आहे, म्हणून हे पत्र. फोन मी करून पाहिला. तुझी बायको दर वेळी ‘ते मीटिंगमध्ये आहेत’ असे सांगते. बैठकांनी भूजल वाढले असते, तर एव्हाना आपल्या विहिरी काठोकाठ भरून वाहिल्या असत्या.

अहवाल मी पेन्सिल हातात घेऊन वाचला. उभा जन्म तर्कशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या बाईला दुसऱ्या तऱ्हेने वाचता येत नाही. भाषा स्वच्छ आहे, आलेख सुबक आहेत, मुखपृष्ठावर आपल्याच वसाहतीच्या टेकाडावरची टाकी आहे आणि खाली विहिरीशेजारी तुझ्या सोलर पॅनेलची रांग. छायाचित्र सकाळचे असावे. आपले घर चौकटीबाहेर राहील, अशा बेताने ते काढले आहे. असो.

तुझा युक्तिवाद मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुला दाखवता येईल. पंपाच्या तोंडाशी तू मीटर बसवला आहेस. तो रोजचा उपसा तुझ्या संगणकाला कळवतो. जुना विजेचा पंप होता तेव्हापेक्षा हा उपसा जवळपास दुप्पट झाला आहे आणि ज्या दिवशी ऊन कडक, त्या दिवशी तो अधिकच वाढतो. यावरून तू निष्कर्ष काढलास, की वाढत्या उष्म्यामुळे माणसे पाणी जास्त वापरू लागली आहेत. या निष्कर्षाच्या खांद्यावर तू दुसरा चढवलास, की विहिरीच्या तळाला खोल बोअर घ्यावे. आणि दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा, की हीच योजना आणखी चाळीस वसाहतींत न्यावी.

आता माझे आक्षेप. उपसलेले पाणी आणि वापरलेले पाणी एकच असते, हे तू एकाही पानावर सिद्ध केलेले नाहीस. ते तू धरून चालला आहेस. माझ्या घरी दोन वर्षांत एक बादलीही जास्त लागलेली नाही. शेजारी लागत असेल म्हणावे, तर शेजारी राहणारे आपल्या पाणी समितीचे अध्यक्ष अंघोळीलासुद्धा काटकसर करतात, याची साक्ष त्यांच्या जवळ बसणारा कोणीही देईल. दुसरे असे, की कडक उन्हात माणसाला तहान लागते हे खरे, पण कडक उन्हात सोलर पंपही जोरात चालतो. या दोहोंपैकी कारण कोणते, हे तू तपासलेस का?

तिसरा आक्षेप बेडकांबद्दल आहे. शेवटच्या प्रकरणात दोन लठ्ठ बेडकांचे छायाचित्र असून त्याखाली ‘जैवविविधतेत लक्षणीय सुधारणा’ असे छापले आहे. हे बेडूक मला माहीत आहेत. ते टेकाडाच्या मागच्या उतारावर राहतात आणि रोज संध्याकाळी ओरडतात. हल्ली पाऊस धावत येतो आणि धावतच निघून जातो. मुरायला म्हणून थांबत नाही. तोही थांबून चार महिने झाले. गवत वाळून खुळखुळ वाजते आहे, आणि बेडूक मात्र मजेत आहेत. ते कशाच्या जिवावर मजेत आहेत, हा प्रश्न तुमच्या एवढ्या मोठ्या संस्थेत एकालाही पडू नये?

विहिरीच्या आतल्या ज्या पायऱ्या आपण लहानपणी कधी पाहिल्या नव्हत्या, त्या उघड्या पडल्या आहेत. तळाला एकदा छिद्र पाडले की ते पुन्हा बुजवता येत नाही, हे मला तूच एकदा शिकवले होतेस.

उत्तर दोन ओळींचे असले तरी चालेल.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आले. तुझे नव्हे, संस्थेचे. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ खाली लिहिले होते की या पत्राला उत्तर देऊ नये. असे पत्र लिहिणाऱ्या यंत्राला माझ्या वर्गात मी मागच्या बाकावर उभे केले असते.

तेव्हा मी स्वतःच चौकशीला लागले. टेकाडाच्या मागच्या बाजूला मी उद्घाटनापासून फिरकले नव्हते. तिथे आता बाके ठेवली आहेत, आणि ज्या मंडळींसमोर आपली शोभा झाली, तीच मंडळी संध्याकाळी त्यांवर बसतात. परवा सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून गेले. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला नळी जोडलेली होती, नळीतून धो धो पाणी वाहत होते, त्याखाली फुलांचा वाफा होता, वाफ्याच्या पलीकडे डबके होते आणि डबक्यात तुझी जैवविविधता बसली होती.

अध्यक्ष तिथेच होते. प्लंबरही होता, तो नळीचे तोंड एका रोपावरून दुसऱ्या रोपावर फिरवत होता. आमचा संवाद जसाच्या तसा देते, कारण त्यावर भाष्य करण्याची शक्ती माझ्यात उरलेली नाही.

“हे पाणी किती वेळ वाहतं?” मी विचारले.

“दिवसभर, बाई!” अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. “ऊन असेपर्यंत एक मिनिट खंड नाही.”

“टाकी भरल्यावर पंप बंद का करत नाही?”

“बंद कशाला करायचा? ऊन फुकट जाईल ना!”

“आणि पाणी फुकट जातंय त्याचं काय?”

“फुकट कुठं, बाई? फुलं आलीत, बेडूक आलेत. साहेबांना फोटो पाठवला तर काय खूश झाले! म्हणाले, अहवालात छापतो.”

मी कपाळाला हात लावला. मग प्लंबरकडे वळले. “टाकीत फ्लोट असतो ना रे? पाणी वर आलं की तो तरंगतो आणि पंप आपोआप बंद होतो. तो बिघडलाय का?”

“छे, बाई, एकदम नवा आहे. बांधून ठेवलाय.”

“बांधून?”

“बाहेर काढून. वर कठड्याला. तो तसाच ठेवायचा असतो.”

“असं कुणी सांगितलं?”

प्लंबरने अध्यक्षांकडे पाहिले, अध्यक्षांनी आकाशाकडे. “डिझाईनच तसं आहे, बाई,” अध्यक्ष शेवटी म्हणाले. “साहेबांच्या कामाला आम्ही हात लावत नाही. उन्हापावसानं खराब होऊ नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवीसुद्धा गुंडाळलीय.”

मी शिडीला हात घातला. “बाई, या वयात!” अध्यक्ष ओरडले. मी म्हटले, “वय माझं मी सांभाळते, शिडी समितीची आहे, ती तुम्ही सांभाळा.” दोघांनी दोन बाजूंनी धरली. प्लंबर पुटपुटला, “पडल्या तर नोंद कुणाच्या नावावर?” त्यावर अध्यक्ष म्हणाले, “तू गप्प बस आणि घट्ट धर.”

वर काय दिसले, ते या पत्रात लिहीत नाही. तू विचारशील असाही काही धोका नाही.

खाली आल्यावर मी अध्यक्षांना शांतपणे सांगितले, की फ्लोट पाण्यात सोडा. ते म्हणाले, “बाई, राग मानू नका. तुमचं भावाशी वाकडं आहे, हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक आहे. तुम्ही उद्घाटनाच्या दिवशी माइकवर त्यांना अडवलंत, आणि आज त्यांनी केलेलं सोडा म्हणता. लोक काय म्हणतील? साहेबांचा एक फोन येऊ दे, पाच मिनिटांत सोडतो.”

परिस्थिती अशी आहे. चूक दाखवणारी मी आहे म्हणूनच ती चूक नाही. विधान कोणी केले यावरून त्याची सत्यता ठरवू नये, हे मी पहिल्याच तासाला शिकवत असे. वसाहतीतले निम्मे लोक माझे विद्यार्थी आहेत. शिकवण्याचे फळ हे असे.

तुझा एक फोन. त्यात माझा उल्लेखही करू नकोस.

ताई


२ मार्च

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. बिचारी अवघडली होती. म्हणाली, “ताई, ते म्हणतायत की आकडे सगळे बरोबर आहेत. मीटर नवीन आहे.” मी तिला म्हटले, “मीटर बरोबरच आहे गं. तो फक्त पाणी मोजतो; ते कुठे गेलं हे मोजत नाही. एवढं त्याला सांग.” ती म्हणाली, “तुम्ही दोघं एकमेकांशी का नाही बोलत? मी मधल्या मधे पोस्टमन झालेय.” तिचे बरोबर आहे. म्हणून जे टाळत होते ते आता थेट लिहिते.

फ्लोट शिडीच्या वरच्या कठड्याला लोंबतो आहे, न वाजणाऱ्या घंटेसारखा. पिशवी मी सोडली. आत निळी नायलॉनची दोरी आहे आणि दोरीला गाठ आहे. एक टोक दोनदा खालून काढून स्वतःवरच वळवलेले, आणि शेवटी खोचलेले. ही गाठ जगात तीन माणसे बांधत. एकाने आयुष्यभर मालाच्या गोदामात पार्सले बांधली आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या दोघांना ती बांधायला शिकवली. कितीही ओढली तरी न सुटणारी, आणि योग्य टोक धरले तर एका हिसड्यात मोकळी होणारी. दोरी कापणारा माणूस बाबांच्या लेखी आळशी होता. तिघांपैकी बाबा आता नाहीत. उरलो दोघे.

मी बांधली असेल, असे तू म्हणू शकतोस. तेही तपासले. खोचलेल्या टोकाची वीतभर शेपटी बाहेर राहिली आहे. बाबा दर वेळी विचारत, “शेपूट कशाला ठेवतोस रे? दोरी काय झाडाला लागते?” मला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही.

पुढचे मी अनुमानाने जुळवले आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाचणीसाठी तुम्ही टाकी भरलीत. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी बटण दाबायची वेळ आली, तेव्हा तुझ्या लक्षात आले की टाकी भरलेली आहे, फ्लोट वर आहे, म्हणजे पंप सुरूच होणार नाही. पाहुणे बटण दाबणार आणि काहीच घडणार नाही. म्हणून तू घाईने वर चढलास, फ्लोट बाहेर काढून बांधलास आणि खाली आलास. पंप चालला, टाळ्या पडल्या. यात मला काही गैर दिसत नाही. समारंभ संपल्यावर वर जाऊन तो सोडायचा, एवढेच बाकी होते.

तो तू सोडला नाहीस. आणि साहेबांनी स्वतः बांधलेली गोष्ट सोडण्याची हिंमत इथे कोणाला झाली नाही. त्यांनी तिला पिशवी घातली. पाहुण्यांसाठी केलेली युक्ती दोन वर्षे नियम म्हणून पाळली गेली, आणि त्या नियमातून वाहिलेल्या पाण्यावर तू माणसांच्या तहानेचा सिद्धांत उभा केलास.

इथे एक गोष्ट न लिहिणे अप्रामाणिक ठरेल. त्या दिवशी मी माइकवर विचारले होते, की ज्या उपशाला खर्च नाही, त्याला मर्यादा कोण घालणार? तू सगळ्यांसमोर उत्तर दिलेस, “आमच्या ताईला नियम कळतात, माणसं कळत नाहीत.” ते वाक्य मी विसरलेले नाही. पण माझे भाकीत असे होते की लोक हावरेपणाने पाणी उपसतील. तसे झाले नाही. ते आज्ञाधारकपणाने उपसत राहिले. निष्कर्ष माझा खरा ठरला, पण त्यामागचे कारण चुकले. अशा उत्तराला मी परीक्षेत निम्मे गुण देत असे. स्वतःलाही तेवढेच देते.

तू विचारशील, की वर गेलीसच होतीस तर सोडली का नाहीस? ती शेपटी माझ्या बोटांत होती. एक हिसडा पुरला असता. पण मी सोडली असती तर संध्याकाळच्या आत ती पुन्हा बांधली गेली असती, प्लंबरच्या हाताने, आणि तीही वेडीवाकडी. मग ही गोष्ट तुझ्या विसराळूपणाची न राहता माझ्या वैराची झाली असती आणि बोअर ठरल्या दिवशी झालेच असते. तरीही त्या सकाळपासून जे पाणी वाहून जाते आहे, त्यात माझाही वाटा आहे, हे मी जाणते. तो वाटा मला चैन पडू देत नाही.

बोअरला मंजुरी देण्यासाठी वसाहतीची सभा १९ तारखेला आहे. बोअर पाडणारे यंत्र २१ला येईल. सभेत मला विचारले की फ्लोट कोणी बांधला, तर मी खोटे बोलणार नाही. न विचारता सांगणारही नाही, कारण माझ्या तोंडून ते आरोप ठरेल आणि तुझ्या तोंडून खुलासा. हा फरक तुझ्या नोकरीच्या दृष्टीने लहान नाही. विहिरीच्या दृष्टीने तर सगळा फरक तोच आहे.

ताई


११ मार्च

तुझा निरोप पोहोचला. अखेर फोनवर दोन ओळी टाइप करण्याइतका वेळ बैठकांतून निघाला. “ताई, तशी गाठ कोणीही बांधू शकतं. आकडे पुन्हा तपासतो.”

कोणीही बांधू शकते? मग एक काम कर. तुझ्या संस्थेत पीएच.डी. केलेले जेवढे डॉक्टर आहेत, त्यांच्या हाती एकेक दोरी दे आणि कोण बांधते ते मला कळव. आणि आकडे तपासू नकोस. आकड्यांना काहीही झालेले नाही. ज्याला काही झालेले नाही ते तपासत बसणे, हा काम करत असल्याचा देखावा करण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे, आणि तो तुला शोभत नाही.

गेल्या आठवड्यापासून दुपारनंतर पंप गाळ ओढतो. नळाला गढूळ पाणी येते. खालच्या ओळीत शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. शाळेचे पांढरे सदरे शिवून, धुवून, इस्त्री करून देतात. काल त्या माझ्या दारात एक सदरा घेऊन उभ्या राहिल्या. पिवळा पडला होता. “तुमचा भाऊ पाण्याचा शास्त्रज्ञ ना?” त्या म्हणाल्या. “मग त्याला म्हणावं, ये आणि हा घालून बघ.” मी म्हटले, “मापाचा नाही त्याच्या.” त्या म्हणाल्या, “लाज वाटायला मापाचा कशाला लागतो?” माझ्या वर्गात इतका नेमका प्रतिप्रश्न मला क्वचितच मिळाला.

अध्यक्षांना हा गाळ म्हणजे पुरावाच वाटतो. “बघा, बाई, विहीर आटली. साहेबांनी आधीच सांगितलं होतं, बोअर घ्या म्हणून!” मागे तोच पाइप, तोच वाफा, तेच बेडूक. हे ऐकल्यावर मी घरी येऊन एक पेला आपटला. फुटला नाही. स्टीलचा होता.

तू लहान असताना चूक झाली की पलंगाखाली जाऊन बसायचास आणि पाय बाहेर राहायचे. आई म्हणायची, “असू दे, त्याला वाटतंय आपण दिसत नाही.” धाकट्या, पाय दिसताहेत.

ताई


२६ मार्च

चि. धाकट्यास,

तू आलास, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून गेलास. मी उठायच्या आत. स्वयंपाकघरात चहाचा कप विसळून पालथा घातलेला होता. एवढी एक सवय तरी टिकली.

जे तुझ्यासमोर घडले ते तुला सांगण्यात अर्थ नाही. पण सभेआधी तू शिडीवर होतास आणि मी खाली ती धरून उभी होते, तेव्हा खाली जे बोलले गेले ते तुला ऐकू गेले नसेल. संशोधकाला अपुरी माहिती असू नये म्हणून लिहिते.

अध्यक्ष म्हणाले, “साहेब स्वतः चढतायत, बघा! याला म्हणतात निष्ठा.” प्लंबर म्हणाला, “पिशवी मी घातलीय, हे त्यांना सांगा कुणीतरी.” शिवणकामवाल्या बाईंनी विचारले, “ही दोघं बोलत नाहीत म्हणे. मग हिनं शिडी का धरलीय?” मागून कोणीतरी म्हणाले, “पडला तर हिच्याच अंगावर पडेल ना, म्हणून!” सगळे हसले. मीही हसले, पण शिडी हलू दिली नाही.

तेवढ्यात तू दोरी सोडलीस आणि फ्लोट पाण्यात पडल्याचा आवाज आला. थोड्याच वेळात पंप थांबला. भर उन्हात, लख्ख सूर्य डोक्यावर असताना. दोन वर्षांत पहिल्यांदा. अध्यक्षांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. “अहो, बंद पडला!” ते किंचाळले. तू वरून म्हणालास, “बंद पडला नाही, काका. काम संपलं त्याचं.” हे मात्र सर्वांना ऐकू गेले. त्यानंतर नळीची धार बारीक होत होत थांबली आणि सगळे जण उगाचच नळीच्या तोंडाकडे पाहत राहिले.

आता सभेतील तुझ्या निवेदनाबद्दल. मांडणी एकंदरीत चांगली होती. फ्लोट मी बांधला, सोडायचा विसरलो, त्यामुळे उपशाचे आकडे वापराचे नाहीत, अहवाल मागे घेतो, बोअर घेऊ नका. पाच विधाने, क्रम योग्य. ‘मी मनापासून दिलगीर आहे’ हे तू दोनदा म्हणालास. एकदा पुरे होते. ‘तांत्रिक त्रुटी’ हा शब्द तू वापरायला नको होतास. पण तो तू लगेच मागे घेऊन ‘माझी चूक’ म्हणालास, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी ऐकण्यासाठी खुर्ची पुढे सरकवली, हे तुझ्या लक्षात आले का? मला वाटते, बोअर तिथेच रद्द झाले. हात वर झाले ते नंतर, केवळ नोंदीपुरते.

चाळीस वसाहतींच्या योजनेचे काय होणार, तुझे वरिष्ठ काय म्हणाले, यातले तू काहीच सांगितले नाहीस. मीही जेवताना विचारले नाही. विचारायला हवे होते. आता विचारते. टाळाटाळ न करता लिही.

मात्र तुझ्या निवेदनात एक विधान गाळलेले होते. ‘सोडायचा विसरलो’ असे तू म्हणालास. का विसरलास, हे कोणी विचारले नाही आणि तू सांगितले नाहीस. मी तिसऱ्या रांगेत बसून त्या वाक्याची वाट पाहत होते. ते आले नाही, म्हणून मीच पुरवते. समारंभ संपल्यावर तू वर जाणार होतास. मधे मी माइक मागितला. तुझा चेहरा लाल झाला, तू ते माणसांविषयीचे वाक्य बोललास, आणि व्यासपीठावरून उतरून थेट गाडीत जाऊन बसलास. टेकाडाकडे तू वळूनसुद्धा पाहिले नाहीस; तिथे वाटेत मी उभी होते.

कारण आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा प्रश्न योग्य होता आणि तो मी उद्याही विचारीन. पण तो त्या साखळीतला एक दुवा होता, हे गाठ आठवल्यापासून तुला माहीत होते, आणि सगळ्या वसाहतीसमोर, जिथे ते वाक्य तुझा भार निम्मा करू शकले असते, तिथे तू ते उच्चारले नाहीस. तर्काच्या दृष्टीने हे निवेदन अपूर्ण आहे. मी त्याला पूर्ण गुण दिले आहेत. असे मी यापूर्वी कधी केलेले नाही.

इकडची हकिगत. पंप आता सकाळचे ऊन वर येते न येते तोच टाकी भरून थांबतो. अध्यक्ष रोज एकदा शिडीखाली उभे राहून चालू असलेला सूर्य आणि बंद असलेला पंप यांच्याकडे आळीपाळीने पाहतात. त्यांना अजून ते सहन होत नाही. वाफा सुकतो आहे. त्यावरून दोन गट पडले असून एका गटाने ‘फुलांचा प्रश्न’ म्हणून माझ्याकडे लेखी तक्रार दिली आहे, जणू ऊन मी पाडते. बेडूक एका संध्याकाळी ओरडले, दुसऱ्या संध्याकाळी कमी ओरडले, आता नाहीत. याचे मला वाईट वाटले, हे तू कुठेही छापू नकोस. नळाचे पाणी निवळले आहे. विहिरीतली सर्वांत खालची उघडी पायरी काल ओली दिसली. पाण्याखाली गेली असे म्हणण्याची मला घाई नाही. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, “बाई, तुमच्या भावाला सांगा, सदरा घालून बघायला आता येऊ नको म्हणावं.” हे कौतुक आहे. तसेच समज.

तुझा वाचायचा चष्मा जेवणाच्या टेबलावर राहिला. अहवाल दुरुस्त करायला तो लागेल, म्हणून सोबतच्या खोक्यात पाठवत आहे. खोके निळ्या दोरीने बांधले आहे. वरून उतरताना ती तू खिशात घातली होतीस आणि रात्री दाराच्या खुंटीला अडकवून ठेवलीस. विसरलास की मुद्दाम ठेवलीस, ते मी अनुमानाने ठरवणार नाही.

तुला सोपे जावे म्हणून शेपटी बाहेर ठेवली आहे. दोरी कापू नकोस. सोड, आणि परत घेऊन ये. टपालाने पाठवू नकोस.

ताई